'जिझेल'ला कात्री लावायची असेल तर

'जिझेल' या बॅलेच्या पहिल्या अंकातला मूकाभिनय काढावा का आणि गोष्ट आजच्या काळात आणावी का, असे तुमचे दोन प्रश्न आहेत.

काळ बदला, पण मग अर्धवट नको. नृत्यदिग्दर्शक मॅट्स एकने १९८२ मध्ये दुसरा अंक थेट मनोरुग्णालयात नेला. अक्रम खानच्या २०१६ च्या प्रयोगात जिझेल कपड्यांच्या कारखान्यातून हाकललेल्या स्थलांतरितांपैकी एक आहे. दोघांनीही नृत्यरचना नव्याने बांधली. जुनीच पावलं ठेवून नुसती जीन्स चढवली, तर लोक तुमच्या जीन्सकडेच बघत बसतील.

मूकाभिनय मात्र सरसकट काढू नका. 'रटाळ' म्हणून हमखास उडवला जातो तो बर्थचा, म्हणजे जिझेलच्या आईचा प्रसंग. मुठी आवळून मनगटं एकमेकांवर ठेवली की मरण, कमरेमागे हात फडफडवले की पंख: नाचत राहिलीस तर मरशील आणि विली, म्हणजे लग्नाआधीच मेलेल्या मुलीचं भूत, होशील, ही तिची ताकीद. ती गाळली की मध्यंतरानंतर पांढऱ्या झग्यातल्या या बायका कुठून उगवल्या, हे नवख्याला कळत नाही. वेळ वाचवायचाच असेल तर शेतकरी जोडप्याचं नृत्य छाटा. त्याचं संगीत मूळ संगीतकार अॅडमचं नाहीच, बर्गम्युलरचं आहे. १८४१ च्या पॅरिसमधल्या पहिल्या प्रयोगासाठी ते वरून घातलं होतं. सोवळे रसिक चिडतील, चिडू देत.

आजच्या प्रेक्षकाला खरा अडतो तो अल्ब्रेख्त. साखरपुडा झालेला सरदार वेश बदलून गावातल्या मुलीला नादी लावतो, त्याच्यासाठी का रडायचं? याचा निकाल फुलाच्या प्रसंगातच लागतो. पाकळ्या मोजताना उत्तर 'नाही' येणार हे पाहून जिझेल फूल टाकते. तो ते उचलतो, एक पाकळी गुपचूप खुडतो आणि 'हो' आणून दाखवतो. ते करताना तो सराईतपणे हसतो की क्षणभर चाचरतो, हे तालमीच्या पहिल्याच आठवड्यात ठरवा. तसंच बाथिल्डच्या, म्हणजे अल्ब्रेख्तच्या वाग्दत्त वधूच्या झग्याचं. जिझेल त्याला चोरून हात लावते, तेव्हा दोघींच्या कपड्यांतला फरक शेवटच्या रांगेतूनही दिसायला हवा. वर्गभेद तिथेच कळतो, निवेदनाची गरज पडत नाही.

दुसऱ्या अंकात फारसे हात घालू नका. धूर तेवढा आवरा. विलींच्या रांगा अरबेस्कमध्ये, म्हणजे एका पायावर उभं राहून दुसरा मागे ताणून, एकमेकींतून आरपार जातात, तेव्हा जमिनीवरचा पाय दिसला नाही तर त्या कसरतीतली गंमतच जाते.