एनएसएसच्या (राष्ट्रीय सेवा योजनेच्या) शिबिरात वनराई बंधारा बांधताना काय काळजी घ्यावी?

सात दिवसांच्या श्रमसंस्कार शिबिरात वनराई बंधारा, म्हणजे माती-वाळू भरलेल्या पोत्यांचा ओढ्यावरचा तात्पुरता बांध, घेणार असाल, तर आधी ओढा बघून या. पाणी वाहतं हवं, पात्र अरुंद आणि दोन्ही काठ भक्कम हवेत. जानेवारीत बऱ्याच ओढ्यांची धार आटलेली असते, म्हणून शिबिर डिसेंबरच्या आत घेतलेलं बरं. जागा ग्रामपंचायतीला विचारूनच ठरवा.

सिमेंटची रिकामी पोती गावातल्या बांधकामांवर मिळतात. आठवडाभर आधी गोळा करा, फाटकी बाजूला काढा. पोतं पाऊण भरायचं आणि तोंड सुतळीने शिवायचं. गच्च भरलेलं पोतं दगडासारखं गोल राहतं, शेजारच्याला चिकटून बसत नाही आणि त्या फटीतूनच पाणी निघून जातं. विटांसारखे सांधे मोडत थर रचा, पाया रुंद, वर निमुळतं. दोन थरांमध्ये आणि पाण्याच्या बाजूने चिकणमाती दाबून बसवा. नुसत्या वाळूची पोती झिरपतात. काठाशी पोती मातीत आत घुसवली नाहीत, तर बंधारा टिकतो पण पाणी बाजूने काठ कापून जातं. हे फार वेळा होतं!

माणसं भरणारी, शिवणारी, वाहणारी आणि रचणारी अशी वाटा. वाहणाऱ्यांनी साखळी करून पोतं हातोहात द्यावं. दर तासाला गट फिरवा, नाहीतर मुलींच्या हाती फक्त सुई राहते, आणि तसं होऊ देऊ नका. कामाचे तास रोजच्या रोज डायरीत लिहा. वर्षाचे १२० तास नियमित उपक्रमांचे असतात, शिबिर त्याहून वेगळं.