‘पेशंट बरा होतच नाही, मग मी शिकतोय काय?’

नीट-पीजीचे प्रवेश झाले की पुढचे काही महिने एक तक्रार हमखास कानावर येते: “रँकमुळे पीएमआर घ्यावं लागलं. घरचे विचारतात, म्हणजे फिजिओथेरपीच ना?” पीएमआर म्हणजे फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन, ही पुनर्वसनाची शाखा एमबीबीएसनंतरची ३ वर्षांची एमडी आहे, मुंबईत हाजी अलीची संस्था १९५५ पासून हेच काम करते, हे सगळं सांगून झालेलं असतं. पण खरा सल वेगळाच असतो. दुसऱ्या वर्षाच्या एका रेसिडेंटने तो नेमका बोलून दाखवला (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत).

“मॅडम, सर्जरीतला मित्र अपेंडिक्स काढतो, पेशंट घरी जातो. माझ्याकडे महिनोन् महिने तोच पेशंट, पाय तसेच.”

“काल काय काय केलंस?”

“विशेष काही नाही.”

हे उत्तर मी स्वीकारत नाही. काय वाटतं हे सांगताना माणूस स्वतःला कमी लेखतो, काय केलं हे सांगताना ते जमत नाही. म्हणून दर भेटीत मी तासातासाचा हिशेब विचारत राहिले. एकदा तो सहज म्हणाला, रात्री जरा धावपळ झाली.

“टी-४ पातळीला, म्हणजे छातीच्या चौथ्या मणक्याशी, मज्जारज्जूची इजा असलेला मुलगा. डोकं भयंकर ठणकत होतं, तोंड लाल, घाम. एरवीचं बीपी १००/६०, तेव्हा १९०/११०. इंटर्न गोळी आणायला पळाला. मी आधी त्याला उठवून बसवलं, पाय खाली सोडले, कपडे सैल केले, कॅथेटर पाहिला. नळी मांडीखाली दुमडली होती. सरळ केल्यावर लघवी निघाली, बीपी उतरलं.”

“आडवंच ठेवलं असतं तर?”

“आणखी चढलं असतं. झटके, मेंदूत रक्तस्राव, काहीही.”

“इंटर्नला का नाही सुचलं?”

“त्याला कसं माहीत असणार? इजा टी-६ किंवा त्याच्या वर असली की भरलेलं मूत्राशय, अडलेली शौचसुद्धा बीपी भडकवते. हे आम्ही...” तो थांबला. मग म्हणाला, “मॅडम, हेही मी ‘विशेष काही नाही’मध्येच टाकलं असतं.”

इथून काम सोपं झालं. तो स्वतःला सर्जरीच्या मापाने मोजत होता. पुनर्वसनाचं माप ‘पाय हलले का’ हे नाही, ‘स्वतःचं स्वतः किती करतो’ हे आहे. ते मोजणाऱ्या एफआयएम (फंक्शनल इंडिपेन्डन्स मेजर) या मापनात १८ बाबी असतात, प्रत्येकीला १ ते ७ गुण. बरेच रेसिडेंट फक्त बेरीज पाहतात, आणि ती आठवडाभरात फारशी हलत नाही. प्रत्येक बाब वेगळी पाहा. पलंगावरून व्हीलचेअरवर जाण्याचे गुण २ वरून ४ झाले, म्हणजे निम्म्याहून कमी जोर लावणारा आता तीन चतुर्थांश तरी स्वतः लावतो. त्याच्या आईला हा फरक तुमच्या आधी कळलेला असतो.

उद्दिष्टही तसंच लिहा. ‘चालता करणे’ असं नको. ‘दोन आठवड्यांत स्लायडिंग बोर्डवरून (सरकत जाण्याच्या फळीवरून) व्हीलचेअरवर, एकाच्या मदतीने’ असं. ते फिजिओथेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट आणि पेशंट, सगळ्यांना माहीत हवं. प्रगती अडली की आधी वेदना, बेडसोर, लघवीचा संसर्ग आणि स्पॅस्टिसिटी (स्नायूंचा ताठरपणा) तपासा.

आत्मविश्वास हाताने येतो. ईएमजी (स्नायूंची विद्युत तपासणी), ताठर स्नायू सैल करणारं बोट्युलिनम इंजेक्शन, कृत्रिम पायाची तपासणी हे स्वतः करा. गुडघ्याखालचा सॉकेट (कृत्रिम पायाची खोबण) काढल्यावर पटेलर टेंडनवर, म्हणजे गुडघ्याच्या वाटीखाली, थोडी लाली चालते, कारण भार तिथे घ्यायचाच असतो. फिब्युलाच्या (पायाच्या बाहेरच्या बाजूच्या हाडाच्या) डोक्यावरची लाली दहा मिनिटांनीही गेली नाही, तर सॉकेट दुरुस्तीला पाठवा. हा निर्णय स्वतः घेता येऊ लागला की घरच्यांच्या प्रश्नाचा काटा बोथट होतो.

एवढं करूनही मन लागत नसेल तर शाखा सोडण्याचा विचार जरूर करा, पण आधी जागा सोडण्याच्या दंडाचे आणि पुढच्या प्रवेशाचे त्या वर्षीचे नियम वाचा. झोप उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर मात्र शाखेचा निर्णय बाजूला ठेवून त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाला भेटा.