शिक्षकाला मानसशास्त्र येत असेल तर वर्गात खरंच फरक पडतो का, की ते फक्त परीक्षेपुरतं?

टीईटीला, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेला, बालमानसशास्त्राचे 30 मार्क असतात, त्यासाठी घोकलेलं पाव्हलॉव्हचं सवयीने लाळ गाळणारं कुत्रं आणि पियाजेने सांगितलेल्या मुलांच्या बौद्धिक वाढीच्या अवस्था याबद्दल विचारत असाल तर मला तरी वर्गात त्याचा फारसा उपयोग झाला नाही. पण पोरांच्या डोक्यात एका वेळी किती मावतं आणि लक्षात कसं राहतं, एवढं कळलं तरी पुष्कळ फरक पडतो. मी पाचवी-सहावीला गणित शिकवते, तिथलंच सांगते.

952 भागिले 7 घ्या. ज्याला पाढा येतो तो सात एके सात, उरले 2, वरचा 5 खाली, सात त्रिक एकवीस, असं सरळ 136 वर पोचतो. ज्याला येत नाही तो 25 ला अडला की बोटांवर सात, चौदा, एकवीस मोजत बसतो, आणि 21 सापडेपर्यंत आपण कुठे होतो, बाकी काढायची की पुढचा आकडा खाली घ्यायचा हेच विसरतो. आपण म्हणतो याला भागाकार येत नाही, पण त्याची सगळी ताकद पाढ्यातच खर्च झालेली असते. अशा पोराला मी सरळ 7 चा पाढा समोर लिहून देते, आधी पायऱ्या पक्क्या होऊ देत, पाढे वेगळे रोज करायचेच आहेत. नवीन प्रकार असला की आधी दोन-तीन गणितं फळ्यावर पूर्ण सोडवलेली, मग अर्धी सोडवलेली, मग त्यांची त्यांनी. मानसशास्त्रज्ञ जॉन स्वेलरने 80 च्या दशकात बीजगणितावर हेच दाखवलं होतं, नवख्याला लगेच गणितात ढकलण्यापेक्षा सोडवलेली उदाहरणं नीट बघू दिली तर तो लवकर शिकतो.

दुसरं म्हणजे "समजलं का?" हे विचारणं सोडा, अख्खा वर्ग "होऽऽ" म्हणतो आणि त्यातून काहीच कळत नाही. त्यापेक्षा न बघता आठवून लिहायला लावा. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांचा 2006 चा प्रयोग आहे, विद्यार्थ्यांना एक उतारा दिला, काहींनी तो परत वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तर परत वाचणारे पुढे होते पण आठवड्याने आठवून लिहिणारे पुढे! आपल्याकडे तर "धडा दहा वेळा वाच" हाच गृहपाठ.

प्रश्न विचारल्यावर थांबायचं पण बघा. मेरी बड रो यांनी 1970 च्या दशकात वर्गातल्या टेप ऐकून पाहिलं तर शिक्षक सरासरी एखादा सेकंदच थांबत होते, तीनेक सेकंद थांबले की उत्तरं लांब यायला लागली आणि गप्प बसणारी पोरंही बोलायला लागली. तीन सेकंद ऐकायला काहीच नाही पण वर्गात फार अवघड जातात हो, पहिल्या बाकावरचा हात तोवर हवेत नाचत असतो.

एक मात्र, ट्रेनिंगमध्ये अजूनही सांगतात ना की अमुक मूल बघून शिकतं, तमुक ऐकून, तसे गट करा, त्यात वेळ घालवू नका, 2008 साली पॅशलर वगैरेंनी सगळा अभ्यास चाळला तर त्याला धड पुरावा सापडला नाही.

नवीन असाल तर सुरुवातीला एवढंच करा, तास सुरू झाला की पुस्तकं बंद, कोऱ्या पानावर काल काय केलं ते आठवून लिहायचं, पाच मिनिटं. आणि त्या पानाला मार्क देऊ नका, दिले की पोरं लगेच शेजारच्याच्या वहीत डोकावायला लागतात.