प्रश्न तुमचे : टबातली वॉटर लिली

प्रश्न : पाचव्या मजल्यावर पूर्वेची बाल्कनी आहे. ऊन अकराला निघून जातं. लिलीसाठी टब केवढा घ्यावा? वजनाची धास्ती वाटते. (ठाणे)

उत्तर : एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, एवढं धरून चाला. २४ इंची टबात फूटभर पाणी भरलं की ८५-९० किलो झाले, माती वेगळी. १८ इंची टबात तेवढ्याच खोलीला ५० लिटरच्या आसपास पाणी मावतं. बाल्कनीसाठी हाच घ्या, १५ इंच खोल. जागा घराच्या भिंतीलगत. कठड्याच्या टोकाला नको, आणि खिडकीच्या ग्रिलवर तर मुळीच नको.

खरी अडचण उन्हाची आहे. बहुतेक लिलींना पाच-सहा तास थेट ऊन लागतं, तुमच्याकडे जेमतेम चार. त्यामुळे रोपवाटिकेत ‘डॉबेन’ मागा. फिकट निळं, लहान फूल, आणि कमी उन्हातही फुलणारी म्हणून ती ओळखली जाते. तिच्या जुन्या पानावर देठ जिथे जुळतो तिथे बारीक गाठ येते आणि त्यातूनच चिमुकलं रोप फुटतं. त्याला मुळं सुटली की खुडून वेगळं लावायचं.

प्रश्न : कोकोपीट आणि शेणखत निम्मंनिम्मं घेऊन लिली लावली. पंधरा दिवसांत पाणी हिरवं, मग काळपट झालं, वास मारू लागला. गप्पी मासेही मेले. दोनदा सगळं पाणी बदललं, पुन्हा तेच. (सोलापूर)

उत्तर : कितीही वेळा पाणी बदललंत तरी उपयोग नाही, बिघाड कुंडीत आहे. गच्चीवरच्या गुलाबाला चालणारं मिश्रण पाण्याखाली चालत नाही. कोकोपीट तरंगून वर येतं. शेणखत कुजताना पाण्यातला प्राणवायू ओढून घेतं, मासे त्याने गेले. त्यातून सुटलेल्या क्षारांवर शेवाळ पोसलं. लिलीचं खत मातीतच राहिलं पाहिजे. ते पाण्यात उतरलं की शेवाळाचं राज्य.

पुन्हा लावा. जुनी माती इतर झाडांना घाला, वाया जाणार नाही. कंद धुऊन बोटाने दाबून पाहा. टणक असेल तर सडलेली मुळं कापून वाचवता येईल, मऊ लागला आणि वास आला तर टाकून द्या.

भोक नसलेली दहा इंच रुंद, सहा इंच खोल कुंडी घ्या. छोटं प्लास्टिकचं घमेलंही चालतं. माती शेतातली काळी किंवा गाळाची, खडे-काडीकचरा काढलेली. तिच्यात कंपोस्ट, गांडूळखत, पालापाचोळा काही नको. सावकाश विरघळणारं मिश्रखत १०-१५ ग्रॅम वर्तमानपत्राच्या कागदात बांधून तळाशी ठेवा आणि वर कणकेइतकी मऊ भिजवलेली माती दाबून भरा. कंद आल्यासारखा आडवा असेल तर तो कडेला तिरका लावा, वाढीचं टोक मध्याकडे. गोल गड्डा असेल तर मधोमध, उभा. दोन्हींत कोंब मातीच्या वर उघडा राहिलाच पाहिजे, कोंब गाडला की रोप कुजतं. वर इंचभर धुतलेली बारीक खडी पसरा, कोंबाभोवती मात्र मोकळं ठेवा.

कुंडी तिरकी करून हळूहळू बुडवा, म्हणजे आतली हवा बुडबुड्यांनी निघून जाते. सुरुवातीला विटांवर ठेवा, कोंबावर तीन-चार इंच पाणी पुरे. पानं वर आली की एकेक वीट काढा.

यानंतरही पहिले तीन-चार आठवडे पाणी हिरवट दिसेल. तेव्हा हात आवरा! सगळं पाणी बदललं की नळाच्या पाण्यातून नवे क्षार येतात आणि शेवाळाचा खेळ पहिल्यापासून सुरू. पानांनी निम्म्याहून अधिक पृष्ठभाग झाकला की खाली ऊन पोचत नाही, पाणी आपोआप निवळतं. उन्हाळ्यात आटेल तेवढीच भर घाला. काळा टब भर उन्हात असेल तर बाहेरून गोणपाट गुंडाळा. मासे तीन आठवड्यांनी सोडा, चार-पाच पुरेत.

प्रश्न : पानं भरपूर, एकमेकांवर चढून पाण्याबाहेर उभी राहतात. फूल मात्र वर्षभर नाही. ऊन दिवसभर असतं. (पुणे)

उत्तर : कुंडीत दाटी झाली आहे. रोप बाहेर काढा, मुख्य कोंबासकट तीन-चार इंचांचा तुकडा ठेवून नव्या मातीत लावा. हे काम फेब्रुवारी-मार्चमध्ये करा, थंडीत नको. पुढे दर तीन-चार आठवड्यांनी पाच ग्रॅम खताची पुडी बोटाने मातीत चार इंच खोल सारा आणि भोक अंगठ्याने बुजवा. डीएपी या रासायनिक खताचे दाणे वरून भुरभुरवू नका. डिसेंबर-जानेवारीत खत बंद. टबात कारंजं बसवलं असेल तर तेही काढा, लिलीला संथ पाणी लागतं.

प्रश्न : ‘कमळ’ म्हणून रोप घेतलं, पण पानं पाण्यावर पसरलेली आहेत आणि एका बाजूला खाच आहे. (रत्नागिरी)

उत्तर : ही लिली. कमळाचं पान बिनखाचेचं गोल असतं, देठ मधोमध जोडलेला, आणि रोप मोठं झालं की पानं पाण्याच्या वर उभी राहतात. कडा दातेरी असेल तर लिली उष्ण प्रदेशातली, सरळ गुळगुळीत असेल तर बहुधा थंडी सोसणारी.

प्रश्न : टबात डास होतील म्हणून सोसायटीत तक्रार आहे. (नागपूर)

उत्तर : तक्रार रास्त आहे, डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यातच वाढतो. गप्पी मासे सोडले की अळ्या टिकत नाहीत. महापालिकेच्या हिवताप विभागात चौकशी करा, बऱ्याच ठिकाणी ते मिळतात. पावसाळ्यापूर्वी टबाला काठाखाली दोन इंचांवर भोक पाडून आतून जाळी लावा, नाहीतर पहिल्याच सरीला मासे वाहून जातील. जास्तीचे मासे नाल्यात किंवा तळ्यात सोडू नका, ते मूळचे दक्षिण अमेरिकेतले आहेत. मासे असताना पानांवरच्या माव्यावर (रस शोषणाऱ्या बारीक किडींवर) औषध मारू नका. पान पाण्याखाली धरून बोटाने चोळा, मावा मासेच खातात.

प्रश्न : नव्या फुलाच्या मध्यभागी पाणी साचलेलं असतं आणि त्यात माशी मरून पडलेली दिसते. रोग आहे का? (नाशिक)

उत्तर : रोग नाही. पहिल्या दिवशी फूल फक्त पराग घेतं. मधल्या वाटीत फुलाचाच द्रव असतो. दुसऱ्या फुलाचे पराग अंगावर घेऊन आलेला कीटक त्यात घसरतो, पराग धुऊन निघतात, एखादा बुडतोही. दुसऱ्या दिवशी वाटी कोरडी होते, पिवळे पुंकेसर तिच्यावर मिटतात आणि मग फूल पराग देऊ लागतं. तीन-चार दिवसांनी ते मिटून पाण्यात बुडतं. तेव्हा देठ बुडापासून खुडून काढा, तिथेच कुजू देऊ नका.