कावा म्हणजे स्पेनची स्वस्त शॅम्पेन का?

नाही हो, कावा ही स्पेनची बुडबुड्यांची वाईन, पण असं म्हटलं तर कॅटलान माणूस, म्हणजे बार्सिलोनाकडच्या कॅटलोनिया प्रांतातला, चिडेल. बनवायची पद्धत मात्र तीच आहे, म्हणजे दुसरं आंबवणं बाटलीतच होतं आणि बुडबुडे तिथेच तयार होतात. पण द्राक्षं वेगळी. शॅम्पेनमध्ये शार्दोने, पिनो न्वार वगैरे आणि कावाची मूळची तीन म्हणजे माकाबेउ, शारेल-लो, पारेयादा. मला विचाराल तर खरी मजा शारेल-लोमध्ये आहे.

बार्सिलोनाजवळ पेनेदेस भागात सांत सादुर्नी नावाचं गाव आहे, तिथे जोझेप रावेन्तोसने 1872 मध्ये या पद्धतीची वाईन केली आणि मग फिलॉक्सेरा किडीने द्राक्षमळे साफ झाले तेव्हा लोकांनी नवीन लावताना पांढरी द्राक्षं जास्त लावली, त्यामुळे हा धंदा तिथे पक्का बसला. कावा म्हणजे तळघर, बाटल्या तिथे मुरतात म्हणून हे नाव. कमीत कमी 9 महिने यीस्टच्या गाळावर ठेवावीच लागते, त्यावरच्या दर्जाची रिझर्वा 18 महिने, सगळ्यात वरची ग्रान रिझर्वा 30. स्वस्त बाटली बहुतेक 9 महिन्यांवाली असते, तीच पिऊन लोक मत बनवतात.

2019 मध्ये काही चांगल्या उत्पादकांनी कावा हे नावच सोडलं, आता ते बाटलीवर कोर्पिनात हे आपल्या गटाचं नाव लिहितात. दिसली तर नक्की घ्या.

आणि तिकडे साधी वाईन पोर्रो नावाच्या चोचवाल्या काचेच्या भांड्यातून पितात, तोंड न लावता, आपण तांब्यातून वरून पाणी पितो ना अगदी तसंच. पहिल्यांदा पांढरा शर्ट घालू नका :)