'जेंटाइल हिंदू' म्हणजे नेमके कोण?

समान नागरी कायद्यावरच्या लेखांत गोव्याचा दाखला देताना 'जेंटाइल हिंदू' असे शब्द येतात. ही एखादी जात की पंथ, असा प्रश्न आला आहे.

दोन्ही नाही. गोव्यातले साधे हिंदूच ते. 'जेंटाइल' हा पोर्तुगीज 'जेंतीउ'चा इंग्रजी अवतार. मूळ लॅटिन 'जेन्स', म्हणजे कुळ. बायबलच्या लॅटिन भाषांतरात ज्यू नसलेल्या लोकांसाठी याच कुळातला शब्द योजला गेला आणि पुढे चर्चच्या तोंडी त्याचा अर्थ 'ख्रिस्ती नसलेला, मूर्तिपूजक' असा झाला. थोडक्यात, ज्यू माणूस बोलत असेल तर ख्रिस्तीसुद्धा जेंटाइल. पाद्री बोलत असेल तर आपण!

पण सरसकट 'कॅथलिक नसलेला' असा अर्थ लावू नका. जुन्या पोर्तुगीज कागदांत मुसलमानाला 'मोरू' म्हणजे मूर असा वेगळा शब्द आहे, आणि प्रॉटेस्टंट हा त्यांच्या लेखी पाखंडी. पाखंडी घर सोडून गेलेला, जेंतीउ मुळात घरात आलेलाच नाही. त्यामुळे हिंदुस्थानात हा शब्द हिंदूंना चिकटला. इंग्रजांनी त्याचाच 'जेंटू' केला. ईस्ट इंडिया कंपनीच्या हॅलहेड या अधिकाऱ्याने १७७६ साली हिंदू कायद्याची इंग्रजी संहिता छापली, तिच्या नावात 'जेंटू'च आहे. मद्रासकडे तर तेलुगू भाषेलाही जेंटू म्हणत. गोव्याच्या ख्रिस्ती बोलीत मात्र हिंदूला शब्द 'कोंकणो'. जेंतीउ हा मुख्यतः सरकारी आणि चर्चच्या दप्तरातला.

कायद्यात तो टिकला याचे कारण १६ डिसेंबर १८८० चा हुकूम. १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा गोव्यात लागू झाला, तरी हिंदूंच्या काही रूढी त्याबाहेर राखल्या गेल्या. त्या या हुकुमात नोंदल्या आहेत. पत्नीला पंचविशीपर्यंत मूलच नसेल, किंवा तिशी उलटूनही मुलगा नसेल, तर काही अटींवर पतीच्या दुसऱ्या लग्नाला मान्यता, हे वादात सारखे उगाळले जाणारे कलम त्यातलेच.

'जेंटलमन'ही याच 'जेन्स'चा, कुलीन या अर्थाने. म्हणून कुणी 'सभ्य हिंदू' असे भाषांतर करू नये. 'मूर्तिपूजक हिंदू' तर नकोच. जुनी तुच्छता आपण कशाला मराठीत आणायची? कायद्याचे नाव लिहिताना 'जेंटाइल' अवतरणात ठेवा, एरवी 'गोव्यातील हिंदू' पुरे.