रुंद नदीवरचा सूर्यास्त फोटोत एवढासा का येतो? लेन्स कोणती घेऊ, आणि समोर होडी हवीच का?

होडीचं विचारलंत म्हणून लिहायला बसलो, नाहीतर लेन्सबद्दल सांगणारे पुष्कळ भेटतील.

आधी सूर्य उरकतो. फोकल लेंथला, म्हणजे लेन्सवरच्या मिलिमीटरच्या आकड्याला, ११० ने भागा, तेवढ्या मिलिमीटरची सूर्याची चकती सेन्सरवर पडते. फुल फ्रेमची, म्हणजे जुन्या फिल्मच्या मापाच्या सेन्सरची, रुंदी ३६ मिमी. मोबाइलची नेहमीची लेन्स त्या हिशेबात साधारण २६ ची, म्हणजे सूर्य फ्रेमच्या रुंदीचा दीडशेवा भाग. ४०० ला तो दहावा भाग होतो. क्षितिजाजवळ तो डोळ्यांना मोठा वाटतो, पण असतो तेवढाच, कॅमेरा त्याला भुलत नाही. पण ४०० लावलीत की नदीची रुंदी फ्रेमबाहेर गेली. तेव्हा मोठा सूर्य हवाय की रुंद नदी, हे घरून ठरवून निघा.

आता होडी. मी नाशिकचा. बँकेच्या बदलीमुळे काही वर्षं आंध्रातल्या राजमहेंद्रीला काढली. रामकुंडावर पाहिलेली गोदावरी तिथे ओळखू येत नाही. पलीकडे कोव्वूर आणि मधे पावणेतीन किलोमीटरचं पात्र. खाली धवळेश्वरमला बॅरेज असल्यामुळे पावसाळा सरला तरी पाणी पसरलेलंच. गाव पूर्वेच्या काठावर, त्यामुळे सूर्य रोज नदीपलीकडेच मावळणार. फोटो काढणाऱ्याला आणखी काय हवं?

तिथे एका डिसेंबरात माझा मावसभाऊ आला. वयाने मोठा, फोटोग्राफीत माझ्याआधीपासून, त्यामुळे त्याचं म्हणणं शेवटचं असतं. म्हणाला, "नुसतं पाणी काय काढतोस? फोरग्राउंडला काहीतरी पाहिजे." घाटावर एक मच्छीमार होडी बांधून घरी निघाला होता. दादाने त्याला पैसे देऊन परत पाण्यात घातलं. सूर्याच्या रेषेत ये, पागर (फेकायचं गोल जाळं) फेक, थोडा डावीकडे, पुन्हा फेक. माझ्या मोडक्यातोडक्या तेलुगूत मी दुभाषा. तो म्हणत होता, इथे मासा नाही. दादाला मासा नकोच होता, पागर हवेत गोल उघडलेला हवा होता. दर वेळी ओलं जाळं वर ओढायचं, कडेच्या शिशाच्या गोळ्या होडीच्या काठावर खडखडायच्या, तो ते खांद्यावर घेऊन नीट चुणून धरायचा आणि काठावरून दादा ओरडायचा, "लवकर!" सूर्य आपल्या व्यासाइतकं अंतर दोन मिनिटांत सरकतो, त्यामुळे घाई होतीच म्हणा. शेवटी मच्छीमाराने जास्तीचे पैसे मागितले. दादाने ते दिले, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं.

त्या फोटोला नाव दिलं 'उदरनिर्वाह', आणि आमच्याकडच्या एका स्पर्धेत त्याला बक्षीस मिळालं. त्याच स्पर्धेत माझा फोटो होता, त्यावर परीक्षकांचा शेरा: "विषय सापडत नाही."

विषय नदीची रुंदी हाच होता हो! दादाच्या फोटोत काठाजवळची होडी अख्खी फ्रेम अडवून बसलीय. मागे टेलीने, म्हणजे लांबचं जवळ ओढणाऱ्या लेन्सने, चेपलेलं पाणी, आणि गोदावरी दिसतेय गावतळ्याएवढी. माझ्या फोटोत तिथला कमानींचा रेल्वे पूल आहे, जुन्या हॅवलॉक पुलाच्या जागी १९९७ मध्ये आलेला. २८ कमानी, सगळ्या सारख्या, प्रत्येकी सुमारे ९७ मीटर. तिरकं उभं राहिलं की पहिली फ्रेमच्या उंचीला भिडते आणि शेवटच्या मोजताही येत नाहीत. सारखी वस्तू लहान लहान होत गेली की डोळा अंतर आपोआप धरतो. हे काम होडीकडून होत नाही, ती एकटी असते.

तुमच्या नदीवर असा पूल असेल तर ऋतू बघा. राजमहेंद्रीला डिसेंबरात सूर्य पश्चिमेच्या दक्षिणेला सुमारे २५ अंश मावळतो, म्हणून पुलाच्या उत्तरेला उभं राहायचं, म्हणजे तो कमानींमागे जातो. जूनमध्ये नेमकं उलटं. पूल नसेल तर विजेचे मनोरे, वाळूचे पट्टे, पलीकडची माडांची रांग, काहीही चालेल. व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवू नका, तो केशरी रंग धुऊन टाकतो, डेलाइट लावा. एक्स्पोजर एक स्टॉप खाली, म्हणजे प्रकाश निम्मा. आणि सूर्य बुडाला की ट्रायपॉड गुंडाळू नका. माझा फोटो त्यानंतर पंधरा-वीस मिनिटांनी काढलेला आहे, पुलावरच्या गाडीच्या डब्यांच्या खिडक्यांत दिवे लागले होते.

होडी आपली आपण जात असेल तर खुशाल घ्या, मी काही होडीविरोधी नाही. पैसे देऊन फिरवणारच असाल तर निदान 'उदरनिर्वाह' म्हणू नका.

लेन्स ७०-३०० पुरे, आधी भाड्याने आणून बघा. आणि ऑप्टिकल व्ह्यूफाइंडर असेल तर त्यातून सूर्याकडे पाहू नका, कितीही तांबडा झालेला असो. लाइव्ह व्ह्यू, म्हणजे कॅमेऱ्यामागचा स्क्रीन, वापरा.